बहामाजचं स्वप्न, चेसापीकचं पाणी आणि 45 हजार डॉलर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राहायला मेरीलँडमध्ये, घरात चौघं, मुलं 9 आणि 12 वर्षांची. क्लबच्या शिडाच्या 22 फुटी बोटींवर दोन उन्हाळे शिकून झालंय. हाताशी 45 हजार डॉलर आहेत आणि पाच-सहा वर्षांनी एक हिवाळा बहामाजमध्ये काढायचा बेत आहे. 1983ची तयाना नावाची 37 फुटी शिडाची बोट 42 हजारांत मिळतेय, वर टीकचं, म्हणजे सागवानी डेक, आत सगळं लाकडी काम. घ्यावी का?

माझं उत्तर: या पैशांत ही बोट घेऊ नका. बोट वाईट आहे म्हणून नाही. तयाना 37 हे बॉब पेरींचं डिझाइन, आणि या बोटींनी खरोखर जग पालथं घातलंय. पण तुमच्या प्रश्नात सगळ्यात घट्ट आकडा 45 हजारांचा नाही, 37 फुटांचाही नाही. तो 12चा आहे. पाच-सहा वर्षांनी तुमचं थोरलं 17-18 वर्षांचं असेल आणि कॉलेजच्या अर्जांत बुडालेलं असेल. ते त्या हिवाळ्यात बोटीवर नसेल. धाकटंही हायस्कूल सोडून येईल की नाही, शंकाच आहे. म्हणजे मुलांसाठीची बोट ही येत्या चार उन्हाळ्यांची बोट, आणि बहामाजची बोट ही तुम्हा दोघांची. या दोन वेगळ्या बोटी आहेत. तुम्ही दोन्ही एकाच बोटीत शोधताय म्हणून नजर 37 फुटांवर गेली.

मी गेली 22 वर्षं मेरीलँडच्या चेसापीक खाडीवर, ॲनापोलिसजवळ बोट ठेवतोय. तीन घेतल्या, दोन विकल्या, आणि ओळखीपाळखीच्या लोकांबरोबर जाऊन पन्नासेक तरी ठोकून-वाकून पाहिल्या असतील. पहिली 38 फुटी होती. का, तर तुमच्यासारखंच, ‘एक दिवस लांब जायचंय’. पहिल्या पूर्ण मोसमात माझ्या लॉगबुकात किती दिवस शिडाचे आहेत? 9. पुढे ती विकून 31 फुटी घेतली. त्या वर्षी 34. वारा तोच, खाडी तीच, बायको-मुलंही तीच. फरक एवढाच की मोठी बोट स्लिपमधून, म्हणजे धक्क्यावरच्या तिच्या जागेतून काढायला चार हात लागायचे आणि वाऱ्याच्या झोतात ती परत आत घालताना माझ्या पोटात गोळा यायचा. मग शनिवारी सकाळी पाऊस येईल असं वाटतंय, वारा जास्त दिसतोय, कमी दिसतोय, अशी कारणं आपोआप सुचतात. 31 फुटीला मी एकटा, कामावरून आल्यावर, सहा वाजता सुद्धा बाहेर काढायचो.

आता पाण्याचं बघा. चेसापीकची सरासरी खोली साधारण 21 फूट आहे, आणि ही सरासरी मधल्या खोल पट्ट्याला धरून. ज्या आडवाटेच्या खाड्यांत रात्री नांगर टाकून पडावंसं वाटतं, तिथे सहा-सात फूट पाणी मिळालं तरी खूप. तयानाला पाण्याखाली 5 फूट 8 इंच लागतात. वजन सुमारे 22,500 पौंड. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दुपारी सहा-सात नॉटचा वारा म्हणजे चंगळ, त्यात एवढं वजन हलत नाही. तुम्ही इंजिनावर फिराल, मुलं खाली फोन बघत बसतील, आणि चार वाजता पश्चिमेकडून काळे ढग आले की परत फिराल. ही इथल्या उन्हाळ्याची खरी दिनचर्या आहे. हलक्या वाऱ्यात चालणारी, चार-साडेचार फूट पाण्यात तरंगणारी बोट इथे राज्य करते.

‘पण बहामाजसाठी दणकट बोट नको का?’ हे तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगतो. बहामाज म्हणजे खोल महासागर असं आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात ग्रेट बहामा बँकवर तुम्ही दिवसचे दिवस 10-15 फूट पाण्यात असता, तळावरची सावली दिसते. बेटांच्या आडोशाला तर त्याहून उथळ. तिथे कमी ड्राफ्ट, म्हणजे बोटीला पाण्याखाली कमी खोली लागणं, हाच मोठा गुण. मेरीलँडहून खाली जायला नॉरफोकपासून इंट्राकोस्टल वॉटरवे, म्हणजे किनाऱ्याच्या आतून जाणारा जलमार्ग आहे, त्यातही वाळू सरकत असते आणि दरवर्षी कुणीतरी रुततंच. तिथल्या बहुतेक पक्क्या पुलांखाली 65 फुटांची उंची मिळते. मायामीचा एक पूल मात्र 56 फुटांचा आहे, तिथे उंच डोलकाठीवाल्यांना समुद्राकडून वळसा घालावा लागतो. 30-34 फुटी बोटींना हा प्रश्न येत नाही.

खरी परीक्षा एकच, फ्लोरिडा आणि बहामाजमधला गल्फ स्ट्रीम हा जोरदार समुद्री प्रवाह. मायामीहून बिमिनी पन्नास मैलांच्या आत आहे. प्रवाह उत्तरेला वाहतो, आणि उत्तरेचा वारा समोरून आला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. तेव्हा 37 फुटी असो की 47, जायचं नसतं. वारा दक्षिणेचा किंवा पडलेला असेल तेव्हा जायचं, मग साधी 30 फुटीही आरामात पार होते. इथे बोटीच्या जाडीपेक्षा तुमच्याकडे थांबायला चार दिवस आहेत का, याला महत्त्व आहे. नोकरीवर परतायची तारीख ठरलेली माणसं अडकतात, आणि मग नको त्या दिवशी निघतात.

तुम्ही ‘म्हादेई’चा उल्लेख केलाय. गोव्यात दिवाडीला बांधलेल्या, भारतीय नौदलाच्या त्या बोटीचा फोटो माझ्याही भिंतीवर आहे. दिलीप दोंदेंनी 2009-10मध्ये तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि त्यानंतर अभिलाष टॉमींनी 2012-13मध्ये न थांबता. आपल्यापैकी कितीतरी जणांना शिडाची बोट हा विषयच तिथून कळला. पण ती 56 फुटी बोट दक्षिण महासागरासाठी बांधलेली होती. तिच्यावरून आपली खरेदी ठरवणं म्हणजे एव्हरेस्टचे बूट घालून सिंहगडावर जाणं.

काही गोष्टी मात्र तुमच्याकडेच ठरणार. वहिनींना बोट लागते असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते ओझरतं नाहीये. कुठलीही बोट बघण्याआधी त्यांना घेऊन दोन-तीन दिवस भाड्याची 32-34 फुटी बोट काढा, रात्र नांगरावर घालवा, टॉयलेटचा पंप त्यांच्या हातात द्या, स्वयंपाक तुम्ही करा. दुसरं, तुमचा हात किती चालतो? घरचा नळ स्वतः बदलता की प्लंबरला बोलावता? ॲनापोलिसच्या बोटदुरुस्तीच्या यार्डात माणूस तासाला शंभर डॉलरच्या पुढे लावतो. स्वतः इंजिनात हात घालणाऱ्याला जी बोट परवडते, ती दुसऱ्याला परवडत नाही. आणि तिसरं, तुमच्या मनात बहामाज नसून अटलांटिक ओलांडणं असेल, तर हे सगळं उत्तर बदलेल. तसं असेल तर स्पष्ट लिहा.

मग काय बघावं? तुमच्या खर्चात 30 ते 34 फूट, चार-साडेचार फुटांचा ड्राफ्ट आणि डिझेल इंजिन. कॅटालिना 30च्या 6,000हून जास्त बोटी बनल्या, त्यामुळे भाग मिळतात, माहितगार मिळतात, विकताना गिऱ्हाईकही मिळतं. चौघांना आत बसायला-झोपायला तिच्याइतकी ऐसपैस 30 फुटी क्वचितच. जुन्यांपैकी काहींत पेट्रोलवर चालणारं ॲटॉमिक 4 इंजिन सापडेल. ते वाईट नाही, पण मुलं असताना बंद पोटात पेट्रोल नको, असं माझं मत. कॅटालिना 34 जमली तर आणखी उत्तम, विंग कीलवाली शोधा, म्हणजे तळाखालचा जड पंख (कील) आखूड आणि टोकाला पसरट असलेली. पिअरसन आणि सेबर या दोन्ही न्यू इंग्लंडच्या. सेबरचं काम मला फार आवडतं, पण आतली जागा कमी. आयलंड पॅकेट 31 किंवा 32 तुमच्या बजेटच्या वरच्या टोकाला सापडेल. दणकट, उथळ पाण्यात चालणारी, बहामाजला जणू बनवलेली, हलक्या वाऱ्यात मात्र सुस्त. तिच्या चेनप्लेट, म्हणजे डोलकाठीच्या तारा ज्या पट्ट्यांना बांधतात त्या, फायबरग्लासच्या आत गाडलेल्या असतात. नुसत्या डोळ्यांनी तपासता येत नाहीत, हे डोक्यात ठेवा.

पण नावांच्या मागे फार लागू नका. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे जुन्या बोटींच्या बाजारात दर दहा जाहिरातींमागे तीनदा दिसतं. एखाद्या मामुली बोटीची नीट निगा राखलेली असेल तर ती खानदानी पण हेळसांड झालेल्या बोटीपेक्षा कैक पटींनी बरी.

निगा कशी ओळखायची? मी बोटीवर चढलो की पहिल्यांदा कागद मागतो. ज्या मालकाकडे जाडजूड फाइल आहे, इंपेलर (इंजिनच्या पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र) कधी बदलला, तेल किती तासांनी बदललं, शिडं कुणी शिवली, सगळ्याची पावती आहे, त्याच्या बोटीवर मी अर्धा दिवस घालवतो. ‘सगळं नवंच आहे, गेल्या एक-दोन वर्षांत केलंय’ असं तोंडी सांगणाऱ्याच्या बोटीवर पंधरा मिनिटं. माझ्या आत्ताच्या बोटीच्या आधीच्या मालकाचे गुडघे गेले म्हणून त्याने ती विकली. त्याची वही अजून माझ्याकडे आहे. पेन्सिलीने, तारखेनिशी, अगदी तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा फ्यूज बदलल्याचीही नोंद. अशी माणसं शोधा.

मग डेक. जुन्या बोटींचं डेक म्हणजे वर-खाली फायबरग्लासची कातडी आणि मध्ये बाल्सा किंवा प्लायवूड. रेलिंगचे खांब, चेनप्लेट, दोर ओढायचे विंच जिथे जिथे बोल्टने बसवलेत, तिथली सीलंट म्हातारी झाली की पाणी आत उतरतं आणि मधलं लाकूड कुजतं. वरून काहीच दिसत नाही, मोठं घर पोकळ वासा. लहानपणी कुंभाराकडून माठ घेताना आई बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायची, आठवतंय? अगदी तसंच. प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, उलटा धरून मुठीने डेकवर हळूहळू ठोकत जायचं. सुकं डेक टणटणतं. ओलं झालेलं भद् बोलतं. हा फरक दहा मिनिटांत कानात बसतो. खांबांभोवती तळहाताएवढं भद् असेल तर चालतं, उन्हाळ्यात दुरुस्त होतं. डोलकाठीच्या पायथ्याशी किंवा चेनप्लेटभोवती भद् असेल तर नमस्कार करून उतरा.

माझी पहिली बोट याच ठिकाणी बुडाली. पाण्यात नव्हे, पैशांत. सर्व्हेयर, म्हणजे घेण्याआधी बोट तपासून अहवाल देणारा, मी दलालाने सुचवलेला घेतला. मीटर लावून त्याने ‘थोडा ओलावा, वयाला साजेसा’ असं लिहिलं. मला कळत नव्हतं, मी सही केली. पुढच्या वसंतात एक चेनप्लेट काढली तर तिच्या भोकातून चहासारखं तपकिरी पाणी आलं, आणि हाताचं बोट घातलं तर कुजलेलं बाल्सा ओल्या पोह्यांसारखं हाताला लागलं. डेक उघडून पुन्हा भरण्यात ती वर्षभर यार्डात पडली. तो खर्च मी अजून बायकोला पूर्ण सांगितलेला नाही. तेव्हापासून सर्व्हेयर दलालाकडून घ्यायचा नाही, हा माझा नियम. सॅम्स किंवा नॅम्स या सर्व्हेयरांच्या संस्थांचा सदस्य असलेला स्वतः शोधा, त्याचा एक जुना अहवाल मागून वाचा, आणि सर्व्हेच्या दिवशी त्याच्या मागे मागे फिरा. अहवालात लिहीत नाहीत ते तोंडी बोलतात.

कॅटालिना बघायला गेलात तर दोन गोष्टी तुम्ही स्वतःच बघून येऊ शकता. टॉयलेटचं दार लावून बघा. डोलकाठीचं वजन खाली नेणाऱ्या खांबाखालचा लाकडी ठोकळा कुजला की डेक किंचित खचतं आणि ते दार चौकटीत घासायला लागतं. मालक म्हणतो, ‘दमट हवेने फुगलंय’. हवेने नाही फुगलेलं. आणि बोट जमिनीवर असेल तर कील जिथे तळाला जोडलाय तिथे पुढच्या बाजूला वाकून बघा. तिथे हसऱ्या ओठासारखी भेग दिसली, तर तिला या बोटींत ‘कॅटालिना स्माइल’च म्हणतात. सुरुवातीच्या अनेक बोटींत कीलच्या वरच्या भागात लाकूड भरलेलं आहे. नुसती रंगातली रेघ असेल तर बोल्ट कसून काम भागतं, पण बोट उचलल्यावर भेग उघडत असेल किंवा पाणी पाझरत असेल तर खर्च मोठा आहे.

इंजिनचं एकच सांगतो. मालकाला आधी कळवा की माझ्यासमोर थंड इंजिन चालू करा, आणि पोचल्या पोचल्या इंजिनवर हात ठेवा. गरम असेल तर थंड असताना सुरू न होणारं इंजिन तुमच्यासाठी आधीच जागं करून ठेवलंय. चालू झाल्यावर मागून पाणी उडतंय का बघा. काळा धूर म्हणजे इंजिनवर बोजा जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा सुरुवातीला थोडा आला आणि गेला तर हरकत नाही, जातच नसेल तर प्रश्न विचारा. तळातले वाल्व सगळे हाताने उघड-बंद करून बघा. जो हलत नाही तो पाणी शिरलं तर बंदही होणार नाही. डोलकाठीच्या तारा किती वर्षांच्या आहेत याचं लेखी उत्तर घ्या, कारण 15 वर्षांपुढे गेल्या की विमावाले विचारणारच, आणि 30-34 फुटी बोटीच्या तारा बदलणं म्हणजे सध्या पाच आकडी खर्चाच्या जवळपास.

म्हणून 45 हजार म्हणजे 45 हजारांची बोट नव्हे. मी 25 ते 28 हजारांत बोट घेईन. मेरीलँडमध्ये खरेदीवर एक्साइज टॅक्सही लागतो. सर्व्हे, बोट उचलणं, विमा आणि पहिल्या वर्षाची स्लिप याला पाचेक हजार सहज जातात. पहिल्या हिवाळ्यात निघणाऱ्या दुरुस्त्यांना आठ-दहा हजार बाजूला. जे उरेल ते हात न लावता ठेवायचं. 42 हजारांची तयाना घेतलीत तर यातलं काहीच उरत नाही, आणि टीकचं डेक तर तिथूनच पैसे मागायला सुरुवात करतं. त्या काळच्या तैवानी बोटींत टीकच्या पट्ट्या शेकडो स्क्रूंनी खालच्या डेकात बसवलेल्या आहेत. प्रत्येक स्क्रू म्हणजे पाणी आत उतरायला एक भोक. डिझेलची लोखंडी टाकीही अनेकींत आतून गंजलेली निघते, आणि ती काढायला फर्निचर कापावं लागतं.

ती बोट कधी योग्य ठरेल तेही सांगतो. मुलं कॉलेजला गेली, तुम्ही दोघं निवृत्तीच्या आसपास आलात, बोटीवर महिनेच्या महिने राहायचं ठरलं, डेक आणि टाकीचं काम आधीच्या मालकाने करून ठेवलं असेल, आणि बाजूला तीस हजार निराळे असतील, तर मी स्वतः तुमच्याबरोबर बघायला येईन. तोवर 30-34 फुटीवर मुलं सुकाणू धरायला शिकतील. आणि खरं सांगू का, तीच 34 फुटी तुम्हा दोघांना बहामाजलाही नेईल. ॲनापोलिसचं ऑक्टोबरातलं बोटींचं प्रदर्शन संपल्यावर दक्षिणेला निघणाऱ्या बोटींच्या रांगेत एकदा जाऊन मोजा, 40 फुटांखालच्या किती दिसतात ते.

खरेदीच्या वेळेबद्दल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मालकापुढे हिवाळ्याचं यार्डाचं बिल असतं, तेव्हा भाव उतरतो. ऑफर देताना सर्व्हे आणि सी-ट्रायल (बोट पाण्यात चालवून बघणं) समाधानकारक असेल तरच सौदा पक्का, असं लिहून घ्या. 10 टक्के अनामत दलालाच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत राखून ठेवलेल्या खात्यात राहते. पण बोट आधीच जमिनीवर उचलून इंजिनात अँटिफ्रीझ भरलेलं असेल तर सी-ट्रायल एप्रिलपर्यंत होत नाही. अशा वेळी काही दलाल ‘तसंच करून टाकू’ म्हणतात. करू नका. सौदा करायचाच असेल तर दोन-तीन हजार डॉलर एस्क्रोत अडकवून ठेवायचं लेखी कलम घाला, आणि एप्रिलमध्ये बोट पाण्यात उतरेल त्या सकाळी लवकर पोचा. इंजिनवर हात ठेवायचा आहे.